उघडलेले खाते मिटवायचे कसे?

व्यापारी घरात ‘खाते’ हा शब्द लहानपणापासूनच कानांवर पडत असतो. दिवसाची उलाढाल कीर्दीत लिहावी, तेथून ती खतावणीत ज्याच्या-त्याच्या नावे न्यावी, वर्षअखेरीस बाकी काढावी आणि ज्याचे देणे-घेणे फिटले असेल त्याचे पान आडवी रेघ मारून पुरे करावे, ही शिस्त आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या पाळली. खाते उघडणे हे विश्वासाचे काम, तसेच ते वेळेवर मिटवणे हेही सचोटीचे काम मानले गेले. बाकी शून्य झालेले नाव नव्या वहीत ओढायचे नसते, हे दुकानात नव्याने लागलेल्या मुलालाही सांगावे लागत नाही.

आज त्याच घरातील माणसांच्या नावे अशी कितीतरी खाती आहेत, ज्यांत घेणे नाही, देणे नाही, ज्यांच्याकडे कोणी वर्षानुवर्षे फिरकलेलेही नाही, आणि तरी ती मिटत नाहीत. ऑनलाइन खेळांची खाती ही त्यांतील सर्वांत मोठी रांग. ती उघडताना अर्धे मिनिट लागले होते. मिटवायला बसावे, तर दुपार सरते आणि हाती काहीच लागत नाही.

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे आणि समुद्रकाठच्या बामणघळीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मे महिन्यात आणि गणेशोत्सवात मुंबईची चाकरमानी मंडळी कोकणात येतात, घरे भरून जातात. अशा गावातील एखादे किराणा दुकान वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. दुकानाचा मोबाइल क्रमांक एकच असतो. पाटीवर तोच, बिलावर तोच. यूपीआयचे पैसे त्याच क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जमा होतात, जीएसटी विवरणपत्राचा ओटीपीही त्याच फोनवर येतो. सुट्टीला आलेला भाचा म्हणतो, “मामा, जरा फोन द्या ना.” मामा गिऱ्हाईक बघता बघता फोन देतात. लुडो, कॅरम, क्रिकेट, गाड्यांची शर्यत असे चार-पाच खेळ उतरवले जातात. प्रत्येक खेळ मोबाइल क्रमांक मागतो किंवा फोनमधील गुगल खात्याने आत येण्याची सोय देतो. सुट्टी संपते, भाचा परत जातो, फोनमधून खेळ काढून टाकले जातात. आता प्रकरण संपले, असे सर्वांना वाटते.

ते संपलेले नसते. फोनमधून अ‍ॅप काढणे म्हणजे आपल्या घरातील पिशवी फेकून देणे होय. समोरच्या दुकानदाराच्या वहीतील आपले पान त्याने फाटत नाही. दुकानाचा क्रमांक, नाव, ईमेल, फोनचा प्रकार, कधी संपर्कयादी, कधी ठिकाण, अशी सारी माहिती कंपनीच्या संगणकावर तशीच राहते. खेळात दरमहा वर्गणी भरण्याची योजना सुरू झाली असेल, तर अ‍ॅप काढल्याने तीही थांबत नाही. ती प्ले स्टोअरमधून वेगळी रद्द करावी लागते आणि यूपीआयमधील ऑटोपेची परवानगी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

हा प्रश्न ऑगस्ट २०२५ मध्ये एकाएकी फार मोठा झाला. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि विनियमन विधेयक २० ऑगस्टला लोकसभेने, २१ ऑगस्टला राज्यसभेने संमत केले आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी आणली. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद झाली. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेवली नाही. सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी जवळजवळ २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारकडून त्या वेळी मांडला गेला. मुंबईत मुख्यालय असलेल्या ड्रीम ११ सह एमपीएल, झुपी अशा अनेक कंपन्यांनी पैशांचे खेळ तत्काळ थांबवले. शिल्लक रक्कम काढून घेण्याची सोय खेळाडूंना देण्यात आली.

शिल्लक काढली, म्हणजे बाकी शून्य झाली. पण खाते? या कायद्याचा रोख पैशांच्या खेळावर होता. खेळाडूंची जुनी खाती कशी पुसावीत, हा त्याचा विषय नव्हता. शिवाय ही खाती साध्या लुडोच्या खात्यांहून जड आहेत. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर कापण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला होता. त्यासाठी पॅन हवे, रक्कम काढण्यासाठी बँक खाते हवे, ओळख पटवण्यासाठी आधार किंवा तत्सम कागद आणि अनेकदा चेहऱ्याचे छायाचित्रही हवे. म्हणजे ज्या वहीत आता काही व्यवहार होणार नाही, त्या वहीच्या पानावर एका कुटुंबाची पूर्ण ओळख लिहून ठेवलेली आहे. कर्ज काढताना बँकेपुढे आपण जे कागद ठेवतो, जवळजवळ तेच.

अशी खाती मिटवण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांचे कथन बहुधा सारखेच असते. ‘सेटिंग्ज’मध्ये नाव बदलता येते, चित्र बदलता येते, भाषा बदलता येते, खाते मिटवण्याचे बटण मात्र सापडत नाही. ‘मदत’ या पानावर शंभर प्रश्नांची उत्तरे असतात, आपला प्रश्न नसतो. संदेश पाठवावा, तर यंत्राने लिहिलेले उत्तर येते. पुढे खाते तुमचेच आहे याचा पुरावा मागितला जातो: नोंदणीचा दिनांक कोणता, पहिली खरेदी कोणती, जुना ईमेल कोणता? जो ईमेल भाच्याने सहा वर्षांपूर्वी सुट्टीत बनवला आणि ज्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही, त्यावर पाठवलेला दुवा उघडावा, अशी अट येते. काही ठिकाणी खाते ‘निष्क्रिय’ करण्याचीच सोय असते. त्यात माहिती पुसली जात नाही. फक्त झाकली जाते. माहिती घेताना काही न विचारणारी कंपनी ती परत देताना एवढे प्रश्न विचारते, हीच या वैतागाची खरी जागा आहे.

कंपन्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. पहिले म्हणजे, पासवर्ड चोरून आत शिरलेल्या माणसाने दुसऱ्याचे खाते पुसू नये, यासाठी पुरावा मागणे योग्यच आहे. स्टीमसारख्या मोठ्या कंपन्या पुसण्याच्या विनंतीनंतर काही दिवस थांबतात, तेही याच कारणाने. मन बदलले किंवा विनंती खोटी निघाली तर खाते वाचावे. दुसरे म्हणजे, हिशेबाचे कागद कायद्यानेच जपून ठेवावे लागतात. आपल्याला हे निराळे सांगायला नको. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब राखणे आपल्यावरही बंधनकारक आहे. उद्या एखादे गिऱ्हाईक म्हणाले, “शेठ, माझ्या नावाची सर्व बिले फाडून टाका,” तर आपल्याला नाही म्हणावे लागेल.

पण येथेच एक भेद लक्षात घ्यावा. करासाठी बिल जपणे वेगळे आणि त्या बिलावरचा क्रमांक घेऊन गिऱ्हाइकाला पाच वर्षे जाहिराती पाठवत राहणे वेगळे. जपलेली वही कुलूपबंद कपाटात असते; वापरातली वही गल्ल्याशेजारी. कायदा कंपनीला कर-हिशेब जपायला सांगतो. चेहऱ्याचे छायाचित्र, संपर्कयादी, खेळण्याच्या वेळा आणि गप्पा जपण्याची सक्ती त्यातून निघत नाही. एवढा मोठा पसारा न पुसण्यामागे बहुधा साधे व्यापारी कारण असते. नोंदणीकृत खेळाडूंचा आकडा गुंतवणूकदारांपुढे मांडायचा असतो, आणि मिटलेल्या प्रत्येक खात्याने तो आकडा घटतो. पडून असलेले खाते कंपनीच्या दृष्टीने उद्याचे गिऱ्हाईक असते.

पडून असलेले खाते आपल्या दृष्टीने काय असते? ते मागील दाराची उघडी कडी असते. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन जाळ्यावर घाला पडला आणि सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली. २०१९ मध्ये झिंगा या कंपनीच्या खेळांतील सुमारे १७ कोटी खात्यांची माहिती फुटली. ज्यांनी खेळ कधीच सोडले होते, पण ज्यांची खाती राहिली होती, असे लोकही अशा फुटीत सापडतात. त्या खात्याचा पासवर्ड आणि दुकानाच्या ईमेलचा पासवर्ड एकच असेल, तर चोराला दुकानाचे कुलूप वेगळे फोडावे लागत नाही.

दुसरा धोका मोबाइल क्रमांकाचा. बंद केलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी त्यावरची खाती मिटवली नाहीत, तर पुढे तो क्रमांक ज्याच्या हाती जाईल त्याच्या फोनवर आपल्या खात्याचे ओटीपी येऊ लागतील. त्यात अप्रामाणिकपणा नसला तरी धोका आहे. अप्रामाणिकपणा असेल, तर मग विचारायलाच नको.

तिसरा आणि सर्वांत नाजूक भाग मुलांचा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ‘फोर्टनाइट’ या खेळाची मालक असलेल्या एपिक गेम्सवर कारवाई केली आणि कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांतील साडेसत्तावीस कोटी डॉलर मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याखालील दंडाचे होते. आयोगाच्या आरोपांत एक आरोप आपल्या विषयाशी थेट जुळणारा होता: मुलांची माहिती पुसावी अशी विनंती करणाऱ्या पालकांना अवाजवी खटाटोप करायला लावला गेला आणि काही वेळा तरीही ती पुसली गेली नाही. हेदवीतील मामांना जो त्रास होतो, तोच अमेरिकेतील आई-वडिलांनाही झाला. फरक एवढाच, की तेथे त्या त्रासाची किंमत कंपनीला मोजावी लागली.

आपल्याकडे ती किंमत कोण लावणार? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला. त्यातील तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवाव्यात. संमती देणे जितके सोपे होते, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. संमती मागे घेतली किंवा हेतू संपला, की दुसऱ्या कायद्याने राखणे आवश्यक नसलेली माहिती पुसली पाहिजे. आणि अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती घेतली पाहिजे. अर्ध्या मिनिटात उघडलेले खाते मिटवायला दुपार लागू नये, हे आता केवळ सौजन्य राहिलेले नाही. ते कायद्याचे तत्त्व झाले आहे.

मात्र तत्त्व आणि अंमल यांत अंतर आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेनुसार अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायच्या आहेत. तक्रारीचे निराकरण जास्तीत जास्त ९० दिवसांत व्हावे, असे हे नियम सांगतात. भारतात ५० लाखांहून कमी नाहीत इतके नोंदणीकृत खेळाडू असलेल्या गेमिंग कंपनीने तीन वर्षे न वापरलेली माहिती आपणहून पुसावी आणि त्याआधी निदान ४८ तास सूचना द्यावी, असेही त्यांत आहे.

ही तरतूद वाचून समाधान वाटते. पण तिच्यातील बारीक अक्षरे व्यापाऱ्याच्या नजरेने वाचली पाहिजेत. खेळाडूला स्वतःच्या खात्यात शिरता यावे यासाठी लागणारी माहिती या तीन वर्षांच्या नियमातून वगळलेली आहे. म्हणजे आतील सामान काढले, तरी दार आणि त्यावरची पाटी राहू शकते. दुसरे असे, की सूचना आल्यावर कुतूहलाने आत जाऊन पाहिले, तर ‘वापर’ झाला असे धरून मुदत नव्याने मोजली जाईल. तेव्हा कायदा आपोआप सारे पुसेल, या भरवशावर राहू नये. खाते मिटवा, असे आपणच सांगावे लागेल, आणि लेखी सांगावे लागेल.

तोपर्यंत हाती काही साधने आहेतच. ज्या अ‍ॅपमध्ये खाते उघडता येते, त्याच अ‍ॅपमधून ते मिटवण्याची विनंतीही करता आली पाहिजे, असा नियम अ‍ॅपलने ३० जून २०२२ पासून लागू केला. गुगल प्लेनेही २०२३ मध्ये तसा नियम जाहीर केला. तेथे अ‍ॅप पुन्हा न उतरवता संकेतस्थळावरून विनंती करण्याची सोयही कंपनीने द्यावी लागते. म्हणून अ‍ॅपच्या आत बटण सापडले नाही, तर प्ले स्टोअरवरील त्या अ‍ॅपच्या पानावर माहितीच्या सुरक्षिततेचा भाग उघडून पाहावा. खाते पुसण्याचा दुवा पुष्कळदा तेथे मिळतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम शिल्लक रक्कम काढून घ्यावी आणि कर कापला गेला असेल, तर त्याचा तपशील उतरवून ठेवावा. विवरणपत्र भरताना तो लागतो. नंतर वर्गणी आणि ऑटोपे बंद करावे. त्यानंतर खाते पुसण्याची विनंती करावी. गुगल किंवा फेसबुक खात्याशी असलेला खेळाचा संबंध सर्वांत शेवटी तोडावा. अनेक जण हे आधी करतात, मग खात्यात शिरताच येत नाही आणि खाते आपलेच आहे हे सिद्ध करण्याचा मार्गही बंद होतो.

उत्तर न आल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवावा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा मध्यस्थ कंपन्यांच्या अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यावी आणि नियमांत ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढावी, अशी अपेक्षा आहे. पत्र लहान असावे: खाते कोणत्या क्रमांकावर आहे, संमती मागे घेत आहोत, कायद्याने राखणे आवश्यक नाही ती माहिती पुसावी, जी राखली जाईल ती कोणती आणि कोणत्या कायद्याखाली हे कळवावे, आणि पुसल्याची लेखी पोच द्यावी. ही शेवटची ओळ विसरू नये. पावतीशिवाय रक्कम फिटली असे आपण मानत नाही. मग पोचेशिवाय खाते मिटले असे का मानावे? वर्गणी बंद करू न देणे हा ग्राहकांना अडकवणाऱ्या तेरा ‘डार्क पॅटर्न’ प्रकारांपैकी एक म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवला आहे. तशी अडवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आणि खाते मिटवून देतो म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला, तर तो मुळीच देऊ नये. पैसे गेलेच, तर १९३० वर त्वरित कळवावे.

घरात एक छोटी वही ठेवावी, अशी या निमित्ताने सूचना करावीशी वाटते. कोणत्या क्रमांकावर आणि कोणत्या ईमेलवर कोणती खाती उघडली, हे तीत लिहावे. पासवर्ड मात्र लिहू नये. मुलांना खेळ उतरवू देताना दुकानाचा क्रमांक देऊ नये. दिवाळीत नव्या वह्या येतात, त्या वेळी ही वहीही उघडावी आणि ज्या खात्याचे काम संपले ते त्याच आठवड्यात मिटवायला घ्यावे. सुट्टीवर आलेल्या भाच्यालाच या कामाला बसवावे. उघडण्याची हौस त्याने केली होती. मिटवण्याची शिस्तही त्यालाच लागावी.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. गिऱ्हाइकांचे क्रमांक आज आपल्याही फोनमध्ये आणि संगणकात आहेत. सणाच्या सवलतीचे संदेश आपणही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. २०२३ चा कायदा डिजिटल रूपातील वैयक्तिक माहितीला लागू आहे. तो केवळ मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेला नाही. एखादे गिऱ्हाईक म्हणाले, “माझा क्रमांक यादीतून काढा,” तर तो त्याच दिवशी निघाला पाहिजे आणि काढला असे त्याला कळवलेही पाहिजे. ज्या वागणुकीचा आपल्याला दूरच्या कंपनीकडून वैताग येतो, ती आपल्या गल्ल्यावरून कोणाच्या वाट्याला जाऊ नये. यादीतून एक नाव कमी झाल्याने धंदा घटत नाही. मागितल्याबरोबर खाते मिटवून देणाऱ्या दुकानात पुन्हा खाते उघडायला माणूस कचरत नाही.